चाँदरात, ज्वारीचा दाणा आणि मोबाईलमधली सूर्यमाला

मागच्या रमजानची एकोणतिसावी संध्याकाळ. इफ्तार आटोपून, मगरिबची नमाज अदा करून सगळा मोहल्ला गच्च्यांवर चढला होता. पश्चिमेला हळदीच्या रानांवर धुळीचा तांबूस पडदा होता. पोरे बोट दाखवून "तो बघा, तो बघा" ओरडत होती आणि दर वेळी ती ढगाची किनार निघत होती. शेवटी जाहीर झाले, चाँद दिसला नाही, उद्या तिसावा रोजा. मोठी माणसे जिना उतरू लागली. तेव्हा आमच्या बहिणीच्या आठ वर्षांच्या मुलाने आमची ओढणी ओढून विचारले, "खाला, दिसला नाही म्हणजे चाँद आहे कुठे?"

"आज उगवला नाही बेटा."

"उगवला नसेल, पण कुठेतरी असेल ना?"

वाचक भगिनी-बंधूंनो, आम्ही अठरा वर्षे उर्दू माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवतो. तरी त्या गच्चीवर आम्हाला बोट दाखवून सांगता आले नाही की चंद्र या क्षणी इथे आहे. शिवाय 'उगवला नाही' हे उत्तरही चूकच होते. त्या दिवशी चंद्र सूर्याच्या सोबतीनेच सकाळी उगवला होता, दिवसभर आपल्या डोक्यावरून गेला होता आणि सूर्यापाठोपाठच मावळला होता.

त्या रात्री तरावीहनंतर आम्ही मोबाईल उघडला आणि भाच्याला शेजारी बसवले. या महिन्याचे सदर त्या मोबाईलमध्ये काय दिसले आणि त्यातून पुढे काय काय झाले, याबद्दल आहे.

हातात फिरणारे आकाश

अमेरिकेच्या नासा या संस्थेची कॅलिफोर्नियात जेट प्रपल्शन लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा आहे. ग्रहांकडे जाणारी याने तिथून चालवली जातात. तिथल्या लोकांनी सर्वांसाठी एक चित्रदर्शक तयार केला आहे, त्याचे नाव 'नासाज आईज', म्हणजे नासाचे डोळे. त्यातल्या 'आईज ऑन द सोलर सिस्टम' या भागात आपली सगळी सूर्यमाला आहे. मोबाईलच्या साध्या ब्राउझरमध्ये ती उघडते. पैसे लागत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. सूचना इंग्रजीत आहेत, पण बोटाने फिरवणे कोणत्याही भाषेत सारखेच.

एक बोट फिरवले की सूर्यमाला फिरते. ती वरून बघा, बाजूने बघा, हवी तर खालून बघा. दोन बोटे फाकवली की आपण जवळ जातो, मिटवली की लांब. ग्रहाच्या नावावर बोट टेकले की आपण त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतो. प्रत्येक ग्रहामागे एक बारीक रेघ दिसते. ती त्याची कक्षा, आमच्या उर्दू पुस्तकातला 'मदार'. ग्रहांना उर्दूत 'सय्यारे' म्हणतात, सैर करणारे. तो शब्द असा का आहे, हे इथे डोळ्यांना कळते.

पण या साधनाची खरी किल्ली खालच्या तारखेत आहे. तारीख बदलता येते, 1950 पासून 2049 पर्यंत. वेळ थांबवता येते, पळवता येते, उलटी नेता येते. ग्रह आणि याने त्या त्या दिवशी जिथे होती किंवा असतील, तिथेच दिसतात. ही कुणी कल्पनेने काढलेली हलती चित्रे नाहीत. मागे मोजमाप आणि गणित आहे.

आम्ही त्या संध्याकाळची तारीख लावली, पृथ्वीवर बोट टेकले आणि थोडे लांब आलो. चंद्र सापडला. तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या जवळजवळ मधोमध होता. त्याची उजळलेली बाजू पूर्ण सूर्याकडे आणि काळोखी बाजू आपल्याकडे. भाचा म्हणाला, "म्हणजे तो पाठ करून बसला होता!" याहून सोपे उत्तर आम्हाला अठरा वर्षांत सुचले नव्हते. एक दिवस पुढे सरकवला तर चंद्र सूर्याच्या रेषेतून बराच बाजूला आला होता आणि त्याच्या उजळ भागाची एक कड आपल्याकडे वळली होती. तीच आपली हिलाल.

शेजारी बसलेल्या आमच्या अम्मी म्हणाल्या, "चाँद तो आसमान में देखते, फोन में क्या देखरे?" त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. चंद्र कुठे आहे हे गणिताने सांगता येते; पण तो तुमच्या गच्चीवरून दिसेल का, हे धूळ, ढग, क्षितिजापासूनची उंची आणि नजर यांवरही अवलंबून असते. ईद ठरवणे ज्यांच्याकडे सोपवलेले आहे, ते त्यांचे काम. मोबाईल हातात घेऊन कुणी त्यांच्याशी वाद घालू नये. आकाश बघणे आणि आकाशाचे गणित करणे ही दोन्ही कामे आपल्याकडे जुनी आहेत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर नावाचे मुवक्कित होते. नमाजच्या वेळा काढणे हे त्यांचे काम, आणि त्याच माणसाने चंद्राच्या व ग्रहांच्या गतीची अशी गणिते मांडली की आजही खगोलशास्त्राच्या इतिहासात त्यांचा अभ्यास होतो.

आमचीच चूक

ईदची सुटी संपल्यावर आम्ही हे नववीच्या वर्गात नेले. शाळेत एक प्रोजेक्टर आहे. वीज होती, सिग्नलही होता. दोन्ही एकाच वेळी मिळाले म्हणजे आमच्याकडे तो चांगला दिवस.

पहिला प्रश्न एका मुलीने विचारला. "मॅडम, दर महिन्याला चाँद असा मध्ये येतो, तर दर महिन्याला सूर्यग्रहण का होत नाही?" आम्ही चित्र आडवे केले आणि पृथ्वीची कक्षा एका सपाट रेघेसारखी दिसेल अशा बेताने ठेवले. चंद्राची कक्षा त्या रेघेला धरून नव्हती. किंचित कललेली होती. हा कल सुमारे पाच अंशांचा. पाच अंश म्हणजे काही फार नाहीत. पण चंद्र आपल्यापासून 3 लाख 84 हजार किलोमीटर दूर, त्यामुळे बहुतेक महिन्यांत त्याची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. फळ्यावर सगळे सपाट असते. फळ्यावर हे कधीच दिसले नसते.

मग आम्ही सूर्यमाला वरून दाखवली. पृथ्वीची कक्षा समोर आली आणि वर्गात कुजबुज झाली. तीच मुलगी पुन्हा उठली. "मॅडम, हे तर गोल आहे. तुम्ही तर अंड्यासारखे काढले होते."

खरे होते. अठरा वर्षे आम्ही फळ्यावर पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढत आलो. आमच्या शिक्षकांनी तशी काढली होती, म्हणून आम्हीही. तोंडाने आम्ही सांगत होतो की ऋतू पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे होतात; पण फळ्यावरचे चित्र मुलांना दुसरेच सांगत होते. आम्ही वर्गाला विचारले, "मे महिन्यात ऊन का तापते?" चाळीसपैकी तीसेक हात वर आले. "सूर्य जवळ येतो म्हणून." हे त्यांना आमच्या खडूने शिकवले होते.

आम्ही तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नेली. तेव्हा पृथ्वी सूर्यापासून सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असते, म्हणजे वर्षातली सर्वांत जवळ, आणि आपण तर शाली-स्वेटरमध्ये असतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांत दूर असते, सुमारे 15 कोटी 21 लाख. फरक 50 लाख किलोमीटरचा. ऐकायला मोठा, पण एकूण अंतराच्या साडेतीन टक्क्यांच्या आतला. कंपासने 10 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. पृथ्वीची कक्षा जवळजवळ तेवढीच गोल आहे. फक्त सूर्य बरोबर मधोमध न ठेवता दीड-पावणेदोन मिलिमीटर बाजूला ठेवा. झाले चित्र.

मग पृथ्वीच्या जवळ जाऊन जून आणि डिसेंबर शेजारी-शेजारी पाहिले. जूनमध्ये उत्तरेकडचा भाग सूर्याकडे झुकलेला, डिसेंबरमध्ये मागे कललेला. ऊन का तापते, याचे उत्तर समोर होते.

आम्ही वर्गाला सांगितले, "चूक आमची होती. वहीतले ते चित्र खोडा." वर्ग क्षणभर गप्प झाला. शिक्षकाने चूक कबूल केली की मुले बिथरतात असे काहींना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. त्या दिवसापासून त्या वर्गात प्रश्न वाढले. मात्र एक गोष्ट मनात सलते. याआधी अठरा वर्षांत आमच्या हाताखालून गेलेली मुले-मुली आता आई-बाप झाली आहेत आणि त्यांच्या वहीतले चित्र आम्ही खोडलेले नाही. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर आज खोडावे.

बारा चाँद आणि अपुरे वर्तुळ

एक प्रयोग आपल्या घरांसाठी खास आहे. कोणत्याही वर्षाच्या 1 मुहर्रमची तारीख लावा आणि पृथ्वी तिच्या वाटेवर कुठे आहे ते ध्यानात ठेवा. आता वेळ पळवा आणि चंद्राच्या फेऱ्या मोजा. सूर्याच्या रेषेतून निघून पुन्हा त्याच रेषेत यायला चंद्राला सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून तर आपला महिना कधी 29 चा, कधी 30 चा. असे बारा महिने मोजून थांबा. पृथ्वीची फेरी पुरी झालेली नसते. वर्तुळाचा एक छोटा तुकडा उरलेला दिसतो, तो साधारण 11 दिवसांचा.

रमजान दर वर्षी 11 दिवस अलीकडे का सरकतो, हे यापेक्षा स्पष्ट कसे दाखवावे? अम्मींनी मेच्या उन्हातले रोजे धरले आहेत आणि डिसेंबरच्या थंडीतलेही. साधारण 33 वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. अपुऱ्या वर्तुळाचा तो तुकडा पाहून अम्मी एवढेच म्हणाल्या, "याने सब मौसम को बराबर हिस्सा." मग त्यांनी स्वतः बोटाने पृथ्वी एकदा फिरवून पाहिली.

मैदानावर सूर्यमाला

या साधनात एक अडचण येते आणि ती आधीच सांगतो. सगळी सूर्यमाला दिसेल इतके लांब गेले की ग्रह दिसेनासे होतात. राहतात फक्त नावे आणि रेघा. मुले म्हणतात, हे बिघडले. बिघडलेले नाही. अंतरे खरी ठेवली तर ग्रह इतकेच लहान दिसणार. पुस्तकात एका पानावर सगळे ग्रह मांडीला मांडी लावून बसलेले असतात, ती पानाची मजबुरी आहे.

हे पटावे म्हणून आम्ही वर्ग मैदानावर नेला. पृथ्वी म्हणून ज्वारीचा एक टपोरा दाणा घेतला, चार मिलिमीटरचा. या मापाने सूर्य 44 सेंटिमीटरचा होतो. एका मुलीने घरून भाकरीची मोठी परात आणली होती, ती बरोबर बसली. परात झेंड्याच्या खांबापाशी ठेवली. चंद्र म्हणजे खसखशीचा दाणा, ज्वारीपासून फक्त 12 सेंटिमीटरवर. आणि ज्वारीचा दाणा परातीपासून? 47 मीटर. दाणा हातात घेतलेली मुलगी चालत चालत थेट फाटकापर्यंत गेली. मंगळ 71 मीटरवर, तो मैदानाबाहेर रस्त्यावर गेला. गुरू म्हणजे लिंबू, सुमारे 245 मीटरवर, चौकातल्या चहाच्या टपरीपाशी. नेपच्यून 1400 मीटरवर. तिकडे कुणाला पाठवले नाही.

1977 मध्ये 20 ऑगस्टला व्हॉयेजर-2 आणि 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1 अशी दोन याने निघाली. चित्रदर्शकात व्हॉयेजर-2 ची वाट बघण्यासारखी आहे. 1979 मध्ये गुरू, 1981 मध्ये शनी, 1986 मध्ये युरेनस, 1989 मध्ये नेपच्यून; प्रत्येक ग्रहापाशी तिच्या वाटेला वळण पडते, कारण त्या ग्रहाच्या ओढीचाच झोका घेऊन ती पुढच्याकडे जाते. व्हॉयेजर-1 आज आमच्या परातीपासून सुमारे आठ किलोमीटरवर असेल. तिचा संदेश प्रकाशाच्या वेगाने निघूनही आपल्यापर्यंत यायला 23 तासांहून अधिक लागतात. आणि सूर्य सोडून सर्वांत जवळचा तारा या मापाने बारा हजार किलोमीटरहून पलीकडे. मुलांनी परत फिरून त्या ज्वारीच्या दाण्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही.

मोबाईल कुणाच्या हातात?

आता मूळ अडचणीकडे येतो. तो ग्रहणाचा प्रश्न विचारणारी मुलगी दुसऱ्या दिवशी आमच्यापाशी आली. "मॅडम, घरी बघायचे होते. पण मोबाईल अब्बांचा आहे आणि मला हात लावू देत नाहीत." तिचा धाकटा भाऊ त्याच मोबाईलवर गेम खेळतो, हे तिने सांगितले नाही, ते आम्हाला नंतर तिच्या घरी दिसले.

तिचे अब्बा टेम्पो चालवतात. हंगामात वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळद पोहोचवतात. आम्ही इशानंतर गेलो. त्यांनी अदबीने बसवले, चहा आला आणि मग ते बोलले, "मॅडम, फोन दिये तो बच्ची बिगडती बोलते लोगां." आम्ही त्यांना खोटे ठरवले नाही. मोबाईलमध्ये बिघडवणारे पुष्कळ आहे आणि त्याची काळजी बापाने करायचीच. आम्ही एवढेच विचारले, "काळजी फक्त मुलीचीच का? मुलाच्या हातात तो कोणत्या भरवशाने दिला?" ते हसले आणि मोबाईल आमच्या पुढे सरकवला. "दाखवा तरी काय बघायचे आहे तिला."

आम्ही 2013 ची तारीख लावली. त्या वर्षी 5 नोव्हेंबरला आपले मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघाले आणि 18 नोव्हेंबरला नासाचे मेव्हन. दोन्हींची मंगळाकडे जायची रीत एकच आणि पोहोचलीही दोन दिवसांच्या अंतराने. भारतीय वेळेनुसार मेव्हन 22 सप्टेंबर 2014 रोजी, मंगळयान 24 सप्टेंबरला. आम्ही मेव्हनची वाट दाखवली. पृथ्वी सोडताना ते मंगळाकडे तोंड करून निघतच नाही. मंगळ जिथे आहे तिकडे न जाता ते एक लांब कमान घेते आणि रिकाम्या जागेकडे निघते. दहा महिने ते त्या कमानीवर आणि मंगळ आपल्या वाटेवर. शेवटी जिथे ते पोहोचते, तिथे नेमक्या त्याच वेळी मंगळही येतो.

टेम्पोवाले अब्बा पुढे झुकून बघत होते. "म्हणजे गाडी आत्ता कुठे आहे ते बघायचे नाही, आपण पोहोचू तेव्हा ती कुठे असेल ते बघायचे." मुलगी म्हणाली, "हो अब्बा, आणि इंजिन सगळा वेळ चालू नसते. एकदा जोर लावला की पुढे तसेच जाते." "डिझेलच लागत नाही?" "मध्ये थोडे, वाट सुधारायला. आणि पोहोचल्यावर ब्रेक लावायला." बाप-लेकीचे हे बोलणे आम्ही ऐकत बसलो. आम्हाला मध्ये बोलायची गरज पडली नाही.

मग त्यांनी स्वतः मुलीच्या जन्माची तारीख लावायला सांगितली. पृथ्वी तेव्हा कुठे होती, ते पाहिले. दर वाढदिवसाला पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर पुन्हा त्याच जागी येते, हे ऐकून तिची अम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मेरी भी लगाओ."

त्या घरात आता असे ठरले आहे की इशानंतर अर्धा तास मोबाईल बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या मध्ये असतो. मुलगी चालवते, भाऊ बघतो. एवढाच बदल. ती पुढे विज्ञान घेणार का, हे अजून ठरायचे आहे. उर्दू माध्यमातून दहावी झाल्यावर विज्ञानासाठी गाव सोडून, भाषा बदलून जावे लागते, आणि मुलींच्या बाबतीत तिथेच पाऊल अडते. त्यावर एका मोबाईलने काही होत नाही. घरातल्यांनी मुलीचा प्रश्न एकदा कान देऊन ऐकला, एवढे मात्र झाले आहे.

दुधाळ्याचे फाटक

हे आम्ही इतक्या तळमळीने का लिहितो, त्याला कारण आहे. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे लिगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्याची आयुका ही संस्था या कामात आहे. अशा वेधशाळा अमेरिकेत दोन आहेत. तिथे दुर्बीण नसते; काटकोनात दोन भुजा असतात, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आणि त्यांतून लेसरचा प्रकाश धावतो.

ती काय टिपते? कक्षांचीच गोष्ट आहे. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत असतात, वाट आखडत जाते, वेग वाढत जातो आणि शेवटी ती एकमेकांत मिसळतात. त्या फिरण्याने अवकाशातच लाटा उठतात. 14 सप्टेंबर 2015 रोजी अशी लाट पहिल्यांदा टिपली गेली. ती दोन कृष्णविवरे सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वजनाची होती, आणि ती लाट सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. तिने चार किलोमीटरची भुजा जेवढी हलवली, तो फरक एका प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. जी मुलगी मोबाईलवर पृथ्वीभोवती चंद्र फिरवते, ती त्याच विषयाच्या पहिल्या पायरीवर उभी आहे. आणि गंमत बघा. ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी धरली तर नेपच्यूनपर्यंतची सगळी सूर्यमाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुधाळ्याच्या एका भुजेत मावते.

आकाशाचा अभ्यास आपल्या भागाला नवा नाही. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून दुर्बीण आणवून 1901 मध्ये हैदराबादला वेधशाळा उभारली. त्यांच्यानंतर 1908 मध्ये निजाम सरकारने ती चालवायला घेतली आणि ती निजामिया वेधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन ताऱ्यांची सूची करायचे ठरवले होते. त्यातला एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला आणि तिथल्या लोकांनी लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून नोंदवल्या. वर्षानुवर्षे, रात्रीमागून रात्र.

तेव्हा हैदराबाद दूर होते. दुधाळा दूर नाही. औंढ्याच्या रस्त्यावरून आपल्या एसट्या रोज जातात. तिथे फक्त मोठे शास्त्रज्ञच लागतील असे नाही. निर्वात नळ्या, लेसर, संगणक, वीज, मोजमाप सांभाळणारे हात लागतील. त्या फाटकातून आत जाणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्याची मुले-मुली किती असतील, की आपण फाटकाबाहेर चहाच्या टपऱ्याच टाकणार? टपरी टाकणे कमीपणाचे नाही. पण तेवढेच आपल्या वाट्याला आले, तर त्यात दोष फाटकाचा कमी आणि आपल्या घरांचा जास्त असेल.

या महिन्याचा घरचा अभ्यास

तीन गोष्टी करून पाहा. एक, 'नासाज आईज' उघडा आणि घरातल्या प्रत्येकाच्या जन्माची तारीख लावून पृथ्वी कुठे होती ते पाहा. दादी-नानींना सोडू नका. डाटा थोडा जास्त लागतो, म्हणून सिग्नल चांगला असेल तिथे बसा.

दोन, 2 ऑगस्ट 2027 ही तारीख लावा, आपली वेळ दुपारी साडेतीन. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आलेले दिसतील. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली जिद्दा आणि मक्का शरीफवरून जाणार आहे. ग्रहण मोबाईलमध्ये हवे तितके बघा. खऱ्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही बघू नका, मुलांना बघू देऊ नका.

तीन, यासाठी मोबाईल लागत नाही. दर वर्षी 28 मे रोजी आपल्या घड्याळात दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी आणि 16 जुलै रोजी 2 वाजून 57 मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर असतो. लीप वर्षी एक दिवस आधी. त्या क्षणी अंगणात काठी सरळ उभी करा. सावली जिकडे पडेल, त्याच्या बरोबर उलट दिशा किब्ल्याची. जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे महिना चुकवू नका. पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणूनच हे घडते, हे मुलांकडून काठी धरून म्हणवून घ्या.

आणि पुढच्या चाँदरातीला एखादे मूल विचारेल, "चाँद कुठे आहे?" तेव्हा "उगवला नाही" म्हणून जिना उतरू नका.